अण्णांकडे काहीच संपत नाही

अण्णा कापडणिसांच्या घरात गेल्या चाळीस वर्षांत एकही वस्तू संपलेली नाही. साखर संपत नाही, गॅस संपत नाही, दंतमंजन संपत नाही. ते सगळं 'वाढतं'. बांगडी फुटली म्हणू नये, वाढवली म्हणावं, नारळ फोडू नये, वाढवावा, इथवर आपण सगळेच पाळतो. अण्णांनी मात्र हा नियम अख्ख्या संसाराला लावलाय. त्यांच्याकडे झाडूसुद्धा झिजत नाही, वाढतो.

आम्ही या बिल्डिंगमध्ये राहायला आलो त्याच दिवशी संध्याकाळी दार वाजलं. दारात एक उंच, सडपातळ गृहस्थ. शर्टाची गळ्याची गुंडीसुद्धा लावलेली, हातात वाटी. म्हणाले, "नमस्कार. मी समोरचा, कापडणीस. साखर वाढलीय." मला वाटलं, काय देवमाणूस आहे! ओळख ना पाळख, आणि जास्तीची साखर वाटत फिरतोय. मी आत गेलो आणि आमची रिकामी वाटी घेऊन आलो. ते त्यांची वाटी पुढे करून उभे, मी माझी पुढे करून उभा. दोघांच्याही वाट्या रिकाम्या. बराच वेळ आम्ही एकमेकांकडे प्रेमानं बघत होतो. शेवटी सुनंदा, म्हणजे माझी बायको, बाहेर आली. तिची एक मावशी असंच बोलायची. तिनं मुकाट्यानं त्यांची वाटी भरून दिली आणि माझी माझ्या हातातून काढून घेतली.

अण्णा सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. आता तुम्हीच सांगा, ज्या माणसाच्या तोंडून 'संपलं' निघत नाही, त्याला कुणी स्टोअरमध्ये बसवावं का? एकदा खरेदी खात्यातून फोन आला, ऑइल सीलचं काय? अण्णा म्हणाले, "वाढले साहेब, कालच वाढले." खरेदीवाल्यानं मागणी रद्द केली. दुसऱ्या दिवशी दुपारी अख्खी लाइन उभी. सेकंड शिफ्टची माणसं गेटवर चहा पीत बसली आणि मॅनेजर रिकाम्या रॅकसमोर कपाळाला हात लावून. अण्णांना लेखी ताकीद मिळाली. तिच्याखाली त्यांनी सही करून लिहिलं, 'समज मिळाली. लोभ असावा.' आणि पुढच्याच आठवड्यात त्यांचं ग्रीस वाढलं.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे. "हळू! वास्तू ऐकते." घरात बोललेल्या प्रत्येक शब्दाला वास्तुपुरुष तथास्तु म्हणत असतो, आणि बिचाऱ्याला चेष्टा कळत नाही, अशी त्यांची पक्की समजूत. कुणी 'जातो' म्हणून निघालं की जिन्यावरून परत बोलावून 'येतो' म्हणायला लावतात. गॅसवाल्याला लावतात, कुरियरवाल्याला लावतात. पंचवटीत जायचं तर अमरधाम स्मशानाचा रस्ता नको म्हणून रिक्षा एवढी फिरवून नेतात की रिक्षावाल्यालाच शंका येते. रोगांची नावं तर त्यांच्याकडे बंदच. हार्ट अटॅक म्हणजे 'छातीनं जरा कळवलं'. कॅन्सर म्हणजे 'ते दुसरं'. काकू जाऊन नऊ वर्षं झाली. अण्णा म्हणतात, "मंडळी पुढे गेल्यात." तिसऱ्या मजल्यावर नवीन भाडेकरू आले, ती भोळी बाई दोन महिने विचारत होती, काकू गावाहून कधी येणार म्हणून. मूलबाळ नाही. घरात अण्णा आणि ती ऐकणारी वास्तू, दोघंच.

आणि या माणसासमोर देवानं मला आणून ठेवलं! मी देवरे. आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवतो. दिवसभर पोरांवर ओरडायचं, "काच लाव, नाहीतर डोळे जातील! मरायचंय का?" ही माझी भाषा. घरी आल्यावरही जीभ तशीच. दूध नासलं की 'मेलं', बल्ब उडाला की 'खपला', आणि कंबर धरली की 'आता मला रामकुंडावरच न्या'. मी असं काही बोललो की समोरच्या दारातून आवाज यायचाच, "हळू, देवरे सर!" बावीस वर्षं हे चाललंय. मला त्यांना डिवचायला मजा यायची, खोटं कशाला सांगू.

ती मजा यंदा पार उतरली.

सुनंदा पुण्याला गेली होती, प्राजक्ताच्या म्हणजे आमच्या लेकीच्या बाळंतपणाला. आठवा महिना, त्यात पोरीला डॉक्टरांनी पूर्ण झोपून राहायला सांगितलेलं. इकडे मी हाताला येईल ते खात होतो, पोट दुखायला लागलं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सांगितलं, "काही नसेल, पण एकदा सोनोग्राफी करून टाका." मी करून टाकायला गेलो. तो सोनोग्राफीवाला मोठा गप्पिष्ट. पोटावर ते गार जेल फिरवत मला विचारत होता, सर, पुतण्याला फिटरला घालू की इलेक्ट्रिशियनला? मी म्हटलं इलेक्ट्रिशियनला घाला. तो एकाच जागी ते यंत्र दाबत राहिला. पुतण्या राहिला बाजूला. मी विचारलं, "काय झालं?" तो म्हणाला, "श्वास धरून ठेवा."

उजव्या किडनीला गाठ होती. पोटदुखीचा तिच्याशी काही संबंध नव्हता, ती आपली अशीच सापडली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मग सीटी स्कॅन झाला. मग मोठ्या हॉस्पिटलातले मोठे डॉक्टर म्हणाले, नुसत्या फोटोवरून सांगता येत नाही, तुकडा काढून तपासावा लागेल. मी आयुष्यभर पोरांना सांगत आलो, घाबरू नका, नीट बघा, हात स्थिर ठेवा. त्या दिवशी पार्किंगमध्ये स्कूटरला किल्ली लागेना.

सुनंदाला सांगायचं नाही हे मी ठरवून टाकलं. सांगितलं की ती निघून येणार, आणि तिकडे पोरगी एकटी. रोज फोनवर ती विचारायची, "जेवलात का?" मी म्हणायचो, "हो, दाबून." घास उतरत नव्हता. वर्गात एकदा तापलेला तुकडा चिमट्याऐवजी हातानंच उचलायला गेलो, पोरानं मनगट धरलं म्हणून वाचलो. मोबाइलवर किडनीची गाठ असं टाकून वाचत बसायचो आणि वाचून झालं की तोंडचं पाणी पळायचं. मन चिंती ते वैरी न चिंती. नातवंडाचं तोंड बघायला मिळतं की नाही इथवर माझी गाडी गेली होती.

अण्णांना कळलं ते त्या पिशवीमुळे. सीटीची फिल्म ज्या पिशवीत देतात ती एवढी मोठी असते की कुठे लपवणार? जिन्यात अण्णा भेटले.

"काय आहे त्यात, सर?"

"फोटो."

"अरे वा! कुणाचा?"

"माझ्या किडनीचा. गाठ आहे. कॅन्सर असेल."

अण्णांनी एका हातानं कठडा धरला आणि दुसरा माझ्या तोंडावर ठेवला. खरंच ठेवला. मग मला घरात नेलं, बसवलं, पाणी दिलं, आणि म्हणाले, "गाठ म्हणायचं नाही."

"मग काय म्हणायचं?"

त्यांनी छताकडे बघून विचार केला. "पाहुणा म्हणू. पाहुणा आलाय. चहा घेईल, निघेल."

"आणि मुक्कामाला राहिला तर?"

"हळू! वास्तू ऐकते."

त्या दिवसापासून अण्णा दिवसातून चारदा यायला लागले. धीर द्यायला. आता धीर देण्याची त्यांची तऱ्हा ऐका. "देवरे सर, असंच आमच्या स्टोअरमधल्या एका बाईंना झालं होतं. अगदी असंच. किती घाबरल्या होत्या! पण ऑपरेशन काय सुरेख झालं. टाका दिसत नव्हता. मग..." आणि इथे अण्णा थांबले.

"मग?"

"मग त्या... छान राहिल्या."

"कुठे?"

"पुढे," अण्णा म्हणाले, आणि चहाचे कप उचलून मोरीकडे गेले.

भीक नको पण कुत्रं आवर, अशी माझी अवस्था. पण खरं सांगतो, दुपारी चारला ते आले नाहीत तर मी दार उघडून बघायचो. याच दिवसांत मी त्यांना बोलता बोलता म्हटलं होतं, "बीपीच्या गोळ्यापण संपल्यात माझ्या. सुनंदा आणते, मला सुचतच नाहीये." त्यांनी नुसती मान हलवली.

बायोप्सीला सोबत घरचं माणूस लागतं, सही करायला. आयटीआयमधल्या कुणाला न्यावं तर डब्याच्या सुट्टीपर्यंत सगळ्या स्टाफला माझी किडनी पाठ झाली असती. मी काही बोलायच्या आधीच अण्णा सकाळी सातला कडक इस्त्री करून, थर्मास घेऊन दारात उभे. हॉस्पिटलात फॉर्म भरताना रुग्णाशी नातं या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'समोरचे'.

सिस्टर म्हणाल्या, "समोरचे म्हणजे?"

"यांनी दार उघडलं की मी," अण्णा म्हणाले.

मला रक्त द्यायला आत नेलं. तेवढ्यात एक तरुण डॉक्टरीण माझी माहिती लिहून घ्यायला आली, तिला अण्णांनी उत्तरं दिली. मी बाहेर आलो तर अण्णा खुशीत. "गोळ्यांचं मी सांगितलंय हो त्यांना." मला बरं वाटलं, एक काळजी मिटली. मग माझं ब्लड प्रेशर मोजलं. एकशे नव्वद. परत मोजलं, दुसऱ्या हाताला मोजलं, मशीन बदलून मोजलं. ती पोरगी आत गेली, कुणाशी तरी बोलली आणि बाहेर येऊन म्हणाली, "आज बायोप्सी नाही करता येणार. प्रेशर असं का आहे ते आधी बघावं लागेल. आणखी काही असू शकतं."

आणखी काही! तिनं हातात कागद ठेवला. हृदयाची सोनोग्राफी, किडनीच्या रक्तवाहिन्यांची तपासणी, रक्ताच्या ढीगभर तपासण्या आणि चोवीस तासांची लघवी. मी मनात म्हटलं, संपलं. पसरलंय सगळीकडे. हृदयापर्यंत गेलंय, म्हणून तर तिथेही बघतायत. एक गाठ घेऊन आलो होतो, आता अंगातलं एकही सामान शंकेतून सुटलं नव्हतं.

चोवीस तासांच्या लघवीला पाच लिटरचा कॅन देतात. तो पाहिल्यावर अण्णांमधला स्टोअरकीपर जागा झाला. घरी येताच त्यांनी कॅनवर कागद चिकटवला, 'देवरे सर. सुरुवात सकाळी ७. कोणीही हलवू नये.' घरात मी एकटा, हलवणार कोण? दर दोन तासांनी बेल. "सर, झालं का?" एकदा मी वैतागून म्हटलं, "अहो, सांगून होत असतं का?" तर म्हणाले, "सावकाश, सावकाश," आणि तिथेच स्टुलावर पेपर वाचत बसले. चोवीस तास भरल्यावर तो कॅन मांडीत धरून ते रिक्षात बसले. मुंबई नाक्याला सिग्नलवर रिक्षावाल्यानं वळून विचारलं, "काय काका, दिंडोरीची वाइन का?" अण्णा म्हणाले, "घरचं आहे." मला अख्ख्या आठवड्यात पहिल्यांदा हसू आलं आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते काही थांबेना. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही. कॅन एका हातात घट्ट धरून दुसऱ्या हातानं माझा गुडघा थोपटत राहिले.

तीन दिवस असे गेले. चौथ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी सगळे रिपोर्ट समोर मांडले. अण्णा शेजारच्या खुर्चीत. डॉक्टर कोड्यात पडलेले. "हृदय ठीक आहे. रक्तवाहिन्या ठीक. सगळं ठीक आहे. मग गोळ्यांचा डोस वाढवूनही प्रेशर इतकं कसं? डोस कुणी वाढवला होता?"

"कसला डोस?" मी म्हटलं. "गोळ्या संपून दहा दिवस झालेत!"

"इथे तर लिहिलंय, गोळ्या वाढल्या."

मी हळूच अण्णांकडे पाहिलं. अण्णा थर्मासचं झाकण लावत होते. ते आधीच लागलेलं होतं.

डॉक्टरांना समजवायला मला बांगडीपासून सुरुवात करावी लागली. समजल्यावर ते खुर्चीत मागे रेलून असे हसले की बाहेरची सिस्टर आत डोकावली. मला नाही हसू आलं. मी बाहेर आलो आणि सगळ्या लोकांसमोर त्या म्हाताऱ्यावर तुटून पडलो. "चार दिवस! चार दिवस मी रोज मरतोय, अण्णा! तुमच्या एका शब्दापायी! संपल्या म्हणायला काय जीभ झडते तुमची? अहो, मरण मरण म्हटल्यानं कुणी मरत नाही आणि नाही म्हटल्यानं कुणी वाचत नाही. कॅन्सर असेल तर कॅन्सर म्हणा! म्हणा ना!" ओपीडीतल्या एका बाईनं आपल्या पोराला कडेवर घेतलं.

अण्णा उभे होते. "चुकलं," एवढंच म्हणाले. मग काउंटरपाशी गेले आणि तिथल्या सिस्टरला सांगायला लागले, "ताई, एक दुरुस्ती करा. देवरे सरांच्या गोळ्या वाढल्या नव्हत्या. त्या..." त्यांनी मान वर करून छताकडे पाहिलं. "त्या सं... संपल्या होत्या." आणि एवढं बोलून त्यांनी काउंटरची कड धरली. बहात्तर वर्षांत तो शब्द पहिल्यांदाच त्या तोंडातून निघाला असावा. माझा राग जागच्या जागी उतरला. आपण काय बोलून बसलो या विचारानं मला माझीच लाज वाटली, पण माफी मागायला जीभ रेटली नाही. ओरडताना बरी चालते!

गोळ्या सुरू झाल्या, प्रेशर उतरलं, आठवड्यानं बायोप्सी झाली. रिपोर्टला पाच दिवस म्हणाले. ते पाच दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. जीव टांगणीला. फोन वाजला की काळजाचं पाणी. या दिवसांत अण्णांनी धीर देणं बंद केलं होतं. नुसते येऊन बसायचे. मी मोबाइल हातात घेतला की तो काढून घ्यायचे आणि लसूण सोलायला द्यायचे. पाच दिवसांत आम्ही दोघांनी एवढा लसूण सोलला की सुनंदाला वर्षभर पुरावा.

रिपोर्टच्या दिवशी मी एकटाच आत गेलो. डॉक्टर म्हणाले, "साधी गाठ आहे, देवरे. कॅन्सर नाही. सहा महिन्यांनी एकदा बघू, बस." मी विचारलं, नक्की? ते म्हणाले, नक्की. मी परत विचारलं. मग त्यांनी तो कागद माझ्याकडे फिरवून त्या ओळीवर बोट ठेवलं. बाहेर आलो. अण्णांना फक्त मान हलवून दाखवली. त्यांना देव सापडेना, समोर वॉटर कूलर होता, त्यालाच हात जोडले.

तिथूनच सुनंदाला फोन लावला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पोरगी बाळंत होऊ दे. मग येते आणि बघते तुमच्याकडे." मी म्हटलं, बघ, जरूर बघ. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

फोन ठेवला तेवढ्यात काउंटरवरची ती सिस्टर आमच्याकडे आली. माझ्याकडे बघून हसली आणि अण्णांना म्हणाली, "कापडणीस आजोबा, यांचं झालं ना सगळं छान? आता तुमचं कधी? नातेवाईक आणा म्हणून दिवाळीपासून सांगतेय तुम्हाला. यांनाच आणलं असतं तरी चाललं असतं की!"

"कसलं?" मी विचारलं.

"चला, सर, रिक्षा बघू," अण्णा म्हणाले.

"सिस्टर, कसलं?"

तिला वाटलं मला माहीत आहे. अण्णांच्या छातीच्या फोटोत डाग दिसला होता. दिवाळीच्या आधी. सीटी करायला सांगितला होता, आणि सोबत कुणाला तरी घेऊन या म्हटलं होतं. अण्णा 'आणतो' म्हणून गेले, ते एकदम माझ्या सोबतीला म्हणून उगवले. ती रोज त्यांच्याकडे बघून ओळखीचं हसत होती. मला वाटत होतं, थर्मासचा चहा पाजतात म्हणून हसते.

मी अण्णांना बाकावर बसवलं. ओरडलो नाही. ओरडताच आलं नाही. "सहा महिने, अण्णा? मी समोर राहतो हो तुमच्या. मला का नाही सांगितलं?"

ते थर्मासच्या पट्ट्याशी चाळा करत राहिले. "सांगायचं म्हणजे तो शब्द काढावा लागला असता, सर. घरात काढवेना. बाहेर जिन्यात सांगावं असं दोनदा ठरवलं. तुमचा दरवाजा वाजवला पण."

"मग?"

"तुम्ही उघडलात. मी म्हटलं, चहापत्ती वाढलीय."

मला आठवलं, मी दिली होती चहापत्ती. वर चेष्टाही केली होती.

"मग तुमचं हे निघालं," अण्णा म्हणाले. "म्हटलं, चला, तुमच्या निमित्तानं आत तरी शिरता येईल. कुठे बसवतात, कुठल्या यंत्रात घालतात, सगळं पाहून घेतलं. एवढं काही नसतं. रोज ठरवायचो, आज सरांचं झालं की सिस्टरना सांगू. पण पाय उचलत नाही."

एवढे दिवस माझ्या कॅनवर कागद चिकटवणाऱ्या, माझ्या हातातून मोबाइल काढून घेणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या छातीत तो डाग होता, आणि माझ्या शिव्या खाऊन तो गप्प उभा होता. मला त्यांची इतकी माया आली, आणि इतका संताप आला स्वतःचा. मी सिस्टरला विचारलं, आज होईल का? ती म्हणाली, पोट रिकामं असेल तर होईल. अण्णांचं पोट रिकामं होतं. माझा रिपोर्ट येईपर्यंत पाणीसुद्धा प्यायचं नाही असं त्यांनी सकाळी ठरवलं होतं. सही मी केली.

सीटीच्या खोलीबाहेर कपडे बदलायला पडदा लावलेला कोपरा आहे. अण्णा निळा गाऊन घेऊन आत गेले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी दोन हाका मारल्या. मग पडदा जरा बाजूला केला. अण्णांनी शर्ट, बनियन, पँट घडी घालून स्टुलावर ठेवली होती. त्या गाऊनमध्ये ते भिंतीकडे तोंड करून उभे होते, दोन्ही हात मागे नेऊन गाऊन कसाबसा धरून ठेवलेला. पायांच्या पोटऱ्या एवढ्या बारीक असतील असं मला कधी वाटलं नव्हतं.

ते वळले नाहीत. अण्णा मूळचे सटाण्याकडचे, मीही तिकडचाच, पण बावीस वर्षांत आमच्यात अहिराणी कधी निघाली नव्हती. त्या भिंतीकडे बघत ते म्हणाले,

"माले भ्याव वाटस, भाऊ."

मला भीती वाटते. बस, एवढंच.

काही होणार नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पण या टेबलावर मी झोपून आलेलो होतो, मला ते म्हणवेना. मी त्यांचे हात गाऊनवरून सोडवले. गाऊनला पाठीमागे तीन नाड्या होत्या. ज्यानं घातलाय त्याला त्या बांधता येत नाहीत. मी वरून एकेक बांधत आलो. आतून त्यांच्या नावाची हाक आली, परत आली, तरी शेवटची नाडी मी जरा सावकाशच बांधली.